एच-अल्फाची वही : पावसाळ्यातली मोजणी

जूनमध्ये यवतेश्वरच्या घाटावर ढग उतरले ते अजून उठलेले नाहीत. आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण गच्चीच्या खोलीत झाकून ठेवलीय. म्हणून यंदा साताऱ्यातला पावसाळा स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीतले, सर्वांना खुले असलेले वर्णपट (दीर्घिकांच्या प्रकाशाची रंगवार फोड) मोजण्यात घालवतोय. काळात मागे जावे तशी तारे घडवणाऱ्या दीर्घिकांची एच-अल्फा रेषा (हायड्रोजनची लाल रेषा, तरंगलांबी ६५६३ अँगस्ट्रॉम) किती जोमदार होते, हे मला स्वतः मोजून बघायचे आहे.

मोजतोय ती समतुल्य रुंदी, म्हणजे रेषेतला प्रकाश भागिले तिच्या बुडाशी असलेला अखंड प्रकाश. रेषा पेटते ती जेमतेम कोटभर वर्षे जगणाऱ्या भारी ताऱ्यांमुळे. अखंड प्रकाशात जुन्या ताऱ्यांचाही मोठा वाटा असतो. नवी भर आणि जुनी पुंजी यांचे हे गुणोत्तर. दीर्घिकेचे अंतर चुकले तरी ते बदलत नाही, म्हणून मला ते फार आवडते.

पहिला आलेख झकास चढला. दोन दिवस आनंदात होतो. मग लक्षात आले, मी (१ + ताम्रसृती) ने भागलेच नव्हते. ताम्रसृती म्हणजे प्रकाश लालकडे किती सरकला त्याचा आकडा; तो जितका मोठा, तितकी दीर्घिका लांब आणि काळात मागे. विश्वाच्या प्रसरणाने रेषाही ताणली जाते, ०.२ ताम्रसृतीला रुंदी आपोआप वीस टक्के जास्त दिसते.

भागल्यावर आलेख चक्क उतरला! यात चार रात्री गेल्या. कारण निवडीत होते. स्लोनचा मुख्य संच १७.७७ प्रतीपर्यंतचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; त्याहून मंद दीर्घिका त्यात नाहीत), त्यामुळे लांबच्या फक्त थोराड, तेजस्वी दीर्घिका हाती लागतात, आणि त्यांच्यात जुनी पुंजीच जास्त. याच्या उलट, आलेख चढवणारीही एक गोष्ट होती : प्रकाश टिपणारा ३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फायबर ०.०२ ताम्रसृतीला गाभ्यातली सुमारे ४,००० प्रकाशवर्षेच पाहतो, ०.१ ला सुमारे १८,०००. जवळच्या दीर्घिकांचा म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेला मधला फुगवटाच मोजला जात होता.

आता १० ते ३० अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाच्याच ठेवल्या. हबल दुर्बिणीच्या थ्रीडी-एचएसटी या दूरच्या दीर्घिकांच्या पाहणीत ही रुंदी (१ + ताम्रसृती) च्या साधारण १.८ व्या घाताने वाढलेली दिसली. म्हणजे ०.२ पर्यंत, अडीच अब्ज वर्षे मागे, जेमतेम १.४ पट. एकाच काळातल्या दोन दीर्घिकांत याहून जास्त फरक पडतो, म्हणून माझ्या थोड्या ठिपक्यांत चढ दिसणार नव्हताच. २ ताम्रसृतीला मात्र सातपट!

म्हणून काल रात्री जेम्स वेबच्या खुल्या साठ्यातला तिथला एक वर्णपट उतरवला. एच-अल्फा १.९७ मायक्रॉनवर. या वेळी आधी तीनने भागले. तरीही वहीतल्या त्याच वस्तुमानाच्या सगळ्या दीर्घिकांपेक्षा आकडा मोठा. एकच ठिपका आहे, पण तो बराच वेळ बघत बसलो. आता तशाच आणखी वीस शोधतोय.