गाडी आतून नवी, बाहेरून फिकी: तुम्ही विचारलंत म्हणून

पेट्रोल पंपावर विचारतात, सांगलीत शंभर फुटी रोडच्या सिग्नलला काच खाली करून विचारतात. मागच्या महिन्यात हरिपूरच्या एका लग्नात तर नवरदेवाच्या मामांनी अक्षता पडायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं. प्रश्न दोनच, आणि ते जोडीने येतात. "आतलं हे सगळं तुम्ही स्वतः केलंय?" मी हो म्हटलं की लगेच दुसरा, "मग बाहेरून रंग तेवढा का नाही मारला?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

आधी गाडी कोणती ते, कारण निम्म्या लोकांना ती परदेशी वाटते. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची. दोन सीट, टप उघडणारा, बॉडी फायबरग्लासची आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की आजच्या पोरांना हसू येतं, त्यांच्या साध्या हॅचबॅकमध्ये यापेक्षा जास्त दम असतो. पण बूड रस्त्याला टेकेल असं बसायचं, टप मागे टाकायचा आणि सकाळी सहाला अंकलीच्या पुलावरून कोल्हापूरच्या बाजूला निघायचं. साठचा स्पीड तिथे शंभरासारखा वाटतो. मला तेवढं पुरतं.

२०१७ साली बेळगावहून घेतली तेव्हा तिच्या आतल्या भागावर आधीच्या मालकाचं प्रेम ओसंडून गेलेलं होतं. दारांना चौकटी-चौकटीचं लाल रेक्झिन चिकटवलेलं, डॅशबोर्डवर कार्बन फायबरसारखा दिसणारा कागद चिकटवलेला, पायात निळ्या एलईडीच्या पट्ट्या, त्याही चिकटवलेल्या. 'चिकटवलेलं' हा शब्द लक्षात ठेवा. ब्रेक दाबला की तो निळा उजेड मंद व्हायचा आणि पाय उचलला की परत फुलायचा. वर्षभर मला वाटत होतं, हीसुद्धा एक फॅशन असेल.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आम्ही गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत राहतो, यापुढे सांगलीकराला काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पलीकडे गेलं. आम्ही माणसं, कागदपत्रं आणि आजीचे देव घेऊन मिरजेला आत्याकडे गेलो. गाडी राहिली. आमची हळदीची आडत. गोदामातलं पोतं वर चढवू का गाडी हलवू, असा सवाल असेल तर आमच्या घरात पोतंच जिंकणार.

परत आल्यावर दार उघडलं तर आत मेंदी भिजवून ठेवल्यासारखा गाळ. गुळगुळीत, हिरवट-काळा, सीटच्या बैठकीपर्यंत. किल्ली फिरवायचा मोह होतो, तो आवरला. पूर बघितलेल्या गाडीत पहिलं काम बॅटरीचा मायनस काढायचं. इंजिनात पाणी असलं आणि स्टार्टर मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचं पुढे काय झालं ती माझ्या मेकॅनिकची कथा आहे, त्याने ती बऱ्याच लोकांना सांगितलेली आहे.

मी आतला भाग उघडायला लागलो. तेरा नंबरचा पाना, पेचकस, आणि प्रत्येक स्क्रूसाठी औषधाची रिकामी डबी, वर चिठ्ठी. चार दिवस एकेक गोष्ट अंगणात मांडत गेलो आणि तिथे एक गोष्ट दिसली, जिच्यावर पुढचं सगळं काम उभं आहे. जे बोल्टने बसवलेलं होतं ते निघालं, पाइपच्या पाण्याने धुतलं, उन्हात ठेवलं आणि वाचलं. जे चिकटवलेलं होतं ते मेलं. रेक्झिन आणि फायबर यांच्या मधे गाळ शिरून बसलेला, वरून कोरडं आणि आतून काळी बुरशी. ओढलं तर गोंदाबरोबर पत्रीसारखे पापुद्रे आले. वडील येऊन सीटचा फोम दोन बोटांनी दाबून गेले. "टाक. हा वाळायचा नाही." उन्हात आठ दिवस ठेवलेला फोम होता, वरून खडखडीत. मी हट्टाने कापून बघितला. मधोमध ओल. हळदीच्या माणसाला ओल कळते. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून किती हळद गेली ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

निळ्या दिव्याचं कोडंही तेव्हाच सुटलं. साध्या गाडीत पत्र्याची बॉडी हाच मायनस असतो. दिव्याची एक वायर पत्र्याला स्क्रूने आवळली की काम झालं. फायबरग्लासमधून वीज जात नाही. कुणीतरी सवयीने एलईडीचा मायनस फायबरलाच स्क्रूने आवळला असणार, दिवा लागला नसणार, मग दुसऱ्या कुणीतरी तोच मायनस ब्रेक लाइटच्या मायनसला जोडून दिला. तिथला जोड गंजलेला. ब्रेक दाबला की दोघांना मिळून एकच चिंचोळी वाट, म्हणून निळा उजेड मंद. मी सगळ्या जादा वायरी उपटल्या. आता प्रत्येक दिव्याला स्वतःचा मायनस आहे, तो थेट चॅसीच्या लोखंडापर्यंत जातो, आणि प्लसमध्ये बॅटरीच्या जवळच फ्यूज आहे. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली म्हणून समजा. ती कुठे घासली तर जळेल ती वायर, फ्यूजला पत्ताही लागणार नाही.

सीटचं काम २०२० च्या लॉकडाउनमध्ये झालं. दुकानं बंद, कुशनवाला घरी, मीही घरी. जुनं कव्हर फाडलं नाही, शिवण उसवली. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि बाण, कारण बैठकीचा डावा आणि उजवा तुकडा सारखे दिसतात आणि सारखे नसतात. त्यावरून वर्तमानपत्राचे नमुने, नमुन्यावरून रेक्झिन. आईचं शिलाई मशीन अठरा नंबरची सुई लावल्यावर दोन पदर घेतं. तिसऱ्या पदराला मोटर कण्हायला लागते, तिथे चाक हाताने फिरवायचं. पहिली सीट घरात होता म्हणून सुती दोऱ्याने शिवली. उघड्या टपाच्या गाडीत ऊन आणि दव दोन्ही थेट लागतं. एका उन्हाळ्यात दोरा पिठासारखा झाला आणि मी बसलो असतानाच शिवण उलगडली. परत नायलॉनने शिवली. रेक्झिन गोलाईवर चुणतं तेव्हा हेअर ड्रायरने ऊब द्यायची आणि मधून कडेकडे ओढत जायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. माझा पहिला उशीचा भाग उकडीच्या मोदकासारखा झाला होता, पाकळ्यांसकट.

जमिनीवर आधी जाड नमद्यासारखं अस्तर होतं, पाणी पिऊन पडून राहणारं. त्याजागी बंद छिद्रांच्या फोमच्या, म्हणजे चक्क योगा करायच्या, चटया कापून घातल्या. त्या पाणी पीत नाहीत. वर कार्पेट, आणि कार्पेट टिचबटणांवर. मुलांच्या दप्तरांना असतात तीच, जरा मोठी. दोन्ही हातांनी ओढलं की कार्पेट बाहेर. आवाज कमी व्हावा म्हणून दारांच्या आतून डॅम्पिंगची शीट लावली, काळी, वरून चांदीसारखा कागद. गाडीत उरलेली ही एकमेव चिकट गोष्ट. ही शीट आवाज अडवते असं दुकानदार सांगतात. ती थरथर मारते, म्हणून पॅनेलच्या मधल्या, ढोलासारख्या वाजणाऱ्या भागावर पंचवीस-तीस टक्के जागेत लावली तरी बहुतेक फायदा मिळतो. पूर्ण दार मढवणारे वजन वाढवतात.

आता गिअरचा दांडा. लोकांचा हात पहिला तिथेच जातो, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

मिरजेत सतारमेकर गल्लीत लहानपणापासून जाणं-येणं आहे. मिरजेचे पहिले सतारमेकर फरीदसाहेब यांच्यापासून चालत आलेली ही कारागिरी, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका चाचांकडे गेलो आणि तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला तून लाकडाचा तुकडा मागितला. कशाला म्हणाले. गिअरची मूठ करायचीय. त्यांनी तुकडा हातात घेऊन वजन बघितलं, माझा पंजा उघडायला लावला आणि पेन्सिलीने लाकडावर खोलगट रेघ मारली, अंगठा कुठे बसेल ती. मूठ मी घरी कानशीने घासली, पण आकार त्यांचा. मग म्हटलं, पॉलिश तुमचंच करून द्या, तंबोऱ्याचं, चपडी लाखेचं. ते म्हणाले, "वाद्याला चालतंय, गाडीला नाही चालायचं. लाख उन्हाला नरम पडते आन् पाण्याला पांढरी." मी ऐकलं नाही. त्यांनी करून दिलं. असं खोल, मधाच्या रंगाचं पॉलिश मी गाडीत कधी बघितलेलं नाही, आणि ते पुरते तीन आठवडे टिकलं. उन्हानेही गेलं नाही, पाण्यानेही नाही. लॉकडाउन उठत होता, जिथे तिथे सॅनिटायझर. मार्केट यार्डातून बाहेर पडताना हाताला चोळला आणि ओल्या हाताने गिअर टाकला. लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोलच. तळव्यावर पॉलिश आलं, पॉलिशवर तळव्याच्या रेषा. चाचांना दाखवायला गेलो तर ते हात बघून म्हणाले, "भविष्य बघायचंय का?" आता त्यावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचा हात आहे. टिकतो. दिसायला तेवढा नाही.

मुठीखालचं कातडं दुसऱ्या हौसेचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं, बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, आपल्या जिल्ह्यातही होतं ते. दारं ओढायचे पट्टे त्याचे केले आणि ते छान झाले, वापराने काळसर होत चाललेत. पण त्याच कातड्याचा गिअरचा बूट, म्हणजे दांड्याच्या बुडाभोवतीची पिशवी, शिवला. राठ कातडं, दुमडेना. दुसरा गिअर टाकला की बूटच तो परत ओढून न्यूट्रलमध्ये आणायचा. तिथे पातळ मऊ मेंढीचं कातडं लागतं. पट्टे दोन-दोन स्क्रूंवर, बूट खालच्या चौकटीत चार स्क्रूंवर.

मधला कन्सोल, म्हणजे दोन सीटांमधला खोका, फायबरचा घरीच ओतला. तो करणार असाल तर एकच धोका सांगतो. रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, हार्डनर आणि कोबाल्ट. दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. घाईत एकाच कपात दोन्ही ओतणारे लोक मी बघितलेत आणि त्यांना ओरडलोही आहे.

आणि तुमची गाडी नवी असेल तर माझी नक्कल जशीच्या तशी करू नका. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत. तुमच्यात असतील, काहींच्या सीटच्या कुशीतही असतात. तिथे कव्हर चढवलं तर ऐन वेळी एअरबॅग कव्हरमध्येच अडकायची. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावू नका. सीट बेल्टचे बोल्ट, स्टिअरिंगचा मधला भाग हे हौसेचे प्रांत नव्हेत. मागे तिसरी सीट टाकू का असं एकाने विचारलं होतं. आरसी बुकात दोन सीट असतील तर दोनच, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तेच सांगतं.

स्वस्त पडलं का? नाही. तीनदा चुकून चौथ्यांदा जमलं, त्या तीन वेळांचं सामानही मीच भरलंय. कुशनवाल्याकडे दिली असती तर तितक्याच पैशात दोन आठवड्यांत झाली असती. फक्त त्याने ती चिकटवली असती.

आता दुसरा प्रश्न, रंगाचा. २०२१ च्या जुलैत पाणी परत चढायला लागलं. गाडीचा क्लच उतरवून ठेवलेला, म्हणजे चालवत न्यायची सोय नव्हती. पुलाची पातळी चाळीसच्या पुढे गेल्याचं कळलं तसं मी आणि शेजारचे दोघे कामाला लागलो. एका सीटला चार बोल्ट. कार्पेट टिचबटणांवरून फराफरा. दारांची पॅनेल, कन्सोल, मूठ, पट्टे. पाऊण तासात गाडी आतून रिकामी आणि आतलं सगळं माडीवर. मग उरलेला सांगाडा ढकलत गल्लीच्या उंच टोकाला नेला. पाणी तिथेही आलं, उंबऱ्याएवढं, आणि धुऊन निघालं. रंग असा काढून माडीवर नेता येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मारेन.

त्या वेळी घर सोडायला अजून काही तास होते. वडील माडीवर गेले ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पाय लांब सोडून, समोर टीव्हीवर धरणाच्या विसर्गाचे आकडे. पूर ओसरल्यावर सीट खाली न्यायला गेलो तर म्हणाले, "राहू दे की इथंच एक. पाठीला बरी पडतेय." सहा महिने मी गाडी एका सीटवर चालवली.