ठिपके गेले, मासे चालले

"डॉक्टर, ठिपके गेले. पण आता मासे मरायला लागलेत."

माझ्याकडच्या केसेस बहुतेक कुत्र्यामांजरांच्या. माशांसाठीही पशुवैद्याला बोलावता येतं हे अनेकांच्या गावीही नसतं. त्यामुळे असा फोन येतो तो दुकानदार, शेजारी आणि इंटरनेट या तिघांचे उपाय करून झाल्यावरच. फोनवरच्या या काकांचंही तेच झालं होतं. पण माणूस हिशेबाचा पक्का, टँकची वही ठेवणारा. वहीत सगळं तारीखवार होतं: नवे क्लाऊन लोच मासे आणले आणि थेट टँकमध्ये सोडले. आठवड्याच्या आत त्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, मग ते निऑन टेट्रांवरही. निळ्या औषधाचा डोस. एक-दोन दिवसांत ठिपके गायब. औषध बंद, फिल्टरमध्ये औषध शोषून घेणारा कार्बन परत. त्याखाली लाल शाईत 'रोग बरा' आणि दोन रेघा.

पुढच्या पानावर मेलेल्या निऑनची यादी सुरू होत होती.

टँकसमोर उभी राहिले तर मासे फिल्टरच्या धारेखाली गोळा होऊन धापा टाकत होते. लोच कुशीवर पडलेले. (क्लाऊन लोचला तशी सवयच असते, पण कल्ले इतक्या जोरात हलत नाहीत.) अंगावर ठिपका म्हणून नाही. "औषधानेच मारलं," हा काकांचा निष्कर्ष, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. या निळ्या-हिरव्या बाटल्यांत बहुधा मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन असतं. फॉर्मॅलिनने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, डोस चुकला तर कल्ल्यांना इजा होते, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले तर अमोनिया चढतो. म्हणून आधी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. कार्बनही केव्हापासून परत आत होता, म्हणजे औषध तोवर बरंचसं शोषलं गेलेलं. उरले कल्ले.

एक निऑन शेवटच्या घटका मोजत होता. त्याला लवंग तेलाच्या पाण्यात शांतपणे जाऊ दिलं आणि लगेच कल्ल्याचा तुकडा काचपट्टीवर घेतला. 'लगेच' महत्त्वाचं. कल्ल्यांत परजीवी असतील तर मासा मेला की ते थोड्याच वेळात त्याला सोडून जातात. सकाळी मेलेला मासा संध्याकाळी तपासला तर हाती काही लागत नाही.

मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर मांडला. कमी शक्तीच्या भिंगाखालीच ते दिसले: करड्या रंगाचे गोल जीव, कल्ल्याच्या नाजूक पात्यांमध्ये रुतून सावकाश गरगर फिरत होते. कडेने बारीक केसांची सळसळ. एक जरा वळला आणि आतलं घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक लख्ख दिसलं. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजेच व्हाइट स्पॉट या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जीव. त्याचं हे केंद्रक एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. मी काकांना भिंगातून पाहायला सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मी औषध टाकलं होतं!"

टाकलं होतं, पण ते या जिवापर्यंत पोहोचतच नाही. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खात असलेला एकेक परजीवी. तिथे तो सुरक्षित. पोट भरलं की तो स्वतःच बाहेर पडतो, तळाशी जाऊन चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकाची शेकड्यांनी पिल्लं होतात. कवचातही औषध शिरत नाही. कवच फुटून पिल्लं पोहत मासा शोधतात तेवढाच काळ ती औषधाच्या तावडीत सापडतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती आपोआप मरतात.

म्हणजे ठिपके गेले त्या दिवशी रोग बरा झाला नव्हता, तो तळाच्या खड्यांत गेला होता. आणि नेमक्या त्याच दिवशी औषध थांबलं. पिल्लं बाहेर आली तेव्हा पाणी स्वच्छ, मासे हाताशी. या खेपेस ती बरीचशी कल्ल्यांत शिरली, म्हणून अंग कोरं दिसत होतं. मला विचाराल तर ठिपके मोजून औषध बंद करणं हे या रोगात मासे दगावण्याचं पहिल्या नंबरचं कारण आहे. नंतर बाटलीला नावं ठेवली जातात.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती. हीटरची चकती २६ अंशांवर होती. माझा थर्मामीटर पाण्यात धरला तर साडेबावीस. थंड पाण्यात या जिवाचं चक्र रेंगाळतं. २५-२६ अंशांना जे आठवड्याच्या आत उरकतं ते इथे लांबत होतं, आणि काका बाटलीवर छापलेले दिवस मोजत होते.

उपचार ठरवताना अडचण लोचची. त्यांचे खवले इतके बारीक की कातडी जवळजवळ उघडीच, आणि ही औषधं त्यांना सोसत नाहीत. बरेच जण अर्ध्या मात्रेवर चालवतात. त्यात सगळ्यांचे कल्ले आधीच जायबंदी. म्हणून मी बाटली बाजूला ठेवली आणि उष्णता व मीठ निवडलं. तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखा थर नाही ना, हे आधी बघून घेतलं, कारण कॉलमनॅरिस हा जिवाणूंचा रोग सोबत असेल तर गरम पाण्यात तो उलट भडकतो.

मीठ मोजायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "टँक दोनशे लिटर." काचेच्या मापाने बरोबर: शंभर बाय चाळीस बाय पन्नास. पण पाणी काठाच्या पाच सेंटिमीटर खाली, तळाला खडी, मधे मोठं लाकूड. प्रत्यक्ष पाणी १६५ लिटरच्या आसपास. लिटरला दोन ग्रॅम धरून ३३० ग्रॅम साधं मीठ, तेही एकदम नाही; टँकच्याच पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं. टँकमधल्या व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीला ते मानवणार नाही हे सांगून ठेवलं. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत, कारण त्यापुढे या परजीवीच्या बहुतेक जातींची वाढ खुंटते. बहुतेक म्हणायचं, कारण उष्णता सोसणाऱ्याही आहेत. म्हणून जोडीला मीठ. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू. आणि रोज खडीत सायफन घालून तळ उपसायचा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून लोक तेच टाळतात. पण कवचं तळाशीच असतात.

दुसऱ्या संध्याकाळी काकांचा आवाज चढलेला. "डॉक्टर, परत उठले! लोचवर आधीपेक्षा जास्त!" मी त्यांना म्हणाले, उठू देत. आत होते तेच मोठे होऊन दिसायला लागलेत. उबेने लवकर पिकतील, लवकर गळतील आणि मग आपल्या तावडीत सापडतील. त्यांना ते पटलं नाही, हे फोनवरही कळत होतं. पण हीटरला हात लावला नाही.

निऑन थोडेच उरले. लोच सगळे वाचले. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही सगळं आणखी दीड आठवडा तसंच चालू ठेवायला लावलं, मग तापमान खाली आणि मीठ पाणीबदलातून हळूहळू बाहेर. मीठ उडून जात नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी साधंच पाणी घालायचं, हे वहीत ठळक लिहून घेतलं त्यांनी. नव्या माशांसाठी छोटा वेगळा टँक मांडला, त्यात महिनाभर मुक्काम सक्तीचा.

काही महिन्यांनी फोटो आला, मेहुण्यांच्या गोल्डफिशचा. 'व्हाइट स्पॉट. मीठ मोजून तयार आहे, हीटर घेऊन निघतो.' फोटो मोठा करून पाहिला. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर, ओळीने, एकाच मापाचे. बाकी अंग स्वच्छ, खाणंपिणं झकास. विणीच्या काळात गोल्डफिशच्या नरांना असे दाणे येतात.

"काका, तो वयात आलाय," मी कळवलं. "मीठ परत डब्यात ओता."