खाण बंद झाली, मग पाणी बिघडलं

"खाण चालू होती तोवर पाणी चांगलं होतं. ती बंद झाल्यावर बिघडलं. मग यात खाणीचा काय दोष?" काकूंचा सवाल बिनतोड होता. भूजलाचे नमुने तपासताना असं बरेचदा ऐकायला मिळतं, पण इतक्या नेमकेपणानं कुणी मांडलं नव्हतं.

विहिरीचं पाणी नितळ होतं, तळातले दगड दिसत होते. पंप लावून साचलेलं पाणी काढलं, वाहकतेचा (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) आकडा स्थिरावू दिला आणि सामू, म्हणजे पीएच, मोजला: ४.१. सामू ७ च्या जितका खाली, तितकं पाणी आम्लधर्मी. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. मीटर बफर द्रावणात, म्हणजे सामू आधीच माहीत असलेल्या द्रावणात, पुन्हा तपासून घेतला, आकडा तोच. तेवढ्यात काकूंच्या मुलानं पंपाचा जुना इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, आणून दाखवला. बिडाची पाती कडेनं कुरतडल्यासारखी झाली होती, नख लावलं की काळा भुगा निघायचा. "पूर्वी वर्षानुवर्षं टिकायचा," तो म्हणाला. माझ्या लेखी हा पुरावा मीटरइतकाच बोलका होता.

काकूंना उत्तर द्यायचं तर खाणीच्या उपशापासून सुरुवात करावी लागली. खाण छोटी, पण काम चालू असताना तिच्यातलं पाणी सतत उपसलं जायचं. त्यानं भूजलाची पातळी उतरली आणि एरवी पाण्याखाली राहणाऱ्या खडकाला हवा लागली. त्या खडकात पायराइट आहे, लोह आणि गंधकाचं खनिज. हवा आणि ओल मिळाली की त्यातून सल्फ्यूरिक आम्ल आणि विरघळणारे क्षार तयार होतात. उपसा होता तोवर पाण्याची ओढ खाणीकडे होती, त्यामुळे विहीर वाचली. क्षार मात्र भेगांत साचत गेले. पंप बंद झाले, पाणी पुन्हा चढलं, साचलेलं सगळं विरघळवत उताराच्या बाजूला, म्हणजे विहिरीकडे, सरकलं. खाणीच्या वरच्या अंगाच्या विहिरीत सामू ७.२ निघाला, तेव्हा माझी खात्री पटली.

"पण आम्ही उकळूनच पितो की!" काकू म्हणाल्या.

हे ऐकून पोटात कालवलं. उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. आणि आम्लधर्मी पाण्यात मँगनीज, ॲल्युमिनियम विरघळलेले राहतात, म्हणून नितळपणावर विसंबता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका, असं त्यांना तिथंच स्पष्ट सांगितलं.

धातूंसाठीचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला आणि नायट्रिक आम्ल घालून बाटली बंद केली. अहवालात सल्फेट आणि मँगनीज भरपूर निघालं. आर्सेनिकही लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे होतं; त्याला ना रंग, ना वास, ना चव. अहवाल घेऊन मी स्वतः गेले. काकूंनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि मग उताराला आणखी कुणाकुणाच्या विहिरी आहेत, ती नावं मला लिहून द्यायला लागल्या.