राक्षसाचं कातडं म्हणून जे आलं ते

लेदरचं काम म्हणजे रोज बेल्टला भोकं पाड, पर्सची चेन बदल. परवा मात्र एक पोरगा आला, फॅन्टसी गेमसाठी तलवारी बनवणारा. त्याच्या जगात समुद्रातल्या एका राक्षसाचं कातडं सगळ्यात मौल्यवान, त्यावर पातं चालत नाही, ते फक्त राजाच्या तलवारीच्या मुठीला. मी म्हटलं अरे हे तर आपल्याच जगात आहे, पाकटाचं, म्हणजे स्टिंगरे माशाचं कातडं, जपानी तलवारींच्या मुठीला शेकडो वर्षं लावतायत, वरून गुंडाळलेली दोरी त्या खरखरीमुळे सरकत नाही. तो खूश झाला, म्हणाला दादा तेच तर ऑनलाइन मागवलंय, आणि पिशवीतून काढलं.

हातात घेतल्या घेतल्या शंका आली.

पाकटाच्या कातड्यावरचे मणी दाताच्याच घडणीचे असतात, आत डेंटिन आणि वर इनॅमलसारखा कडक थर. मधोमध मोठे, कडेला बारीक होत जातात, ठशासारखी नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही. वरून सुरी घसरते, म्हणून कापायचं मागच्या बाजूने, जाड कात्रीने. शिलाईच्या रेषेवरचे मणी आधी ग्राइंडरने उतरवायचे नाहीतर सुई मोडते, आणि नाही मोडली तरी मण्यांच्या कडा धागा कापतात. दुमडायचं तिथेही तेच. मास्क लागतोच, ती धूळ छातीत जायला नको, पण नवी पोरं ऐकतील तर शपथ. एवढं करून रंगवलेलं कातडं घासून पॉलिश केलं की मण्यांचे माथे पांढरेशुभ्र उघडे पडतात, ते बघायला मी कितीही वेळ देईन.

याच्या तुकड्यात सुई आरपार गेली. नक्षी ठराविक अंतरावर जशीच्या तशी परत येत होती आणि मधला 'मोती' नखाने उचकटला तर खाली गोंद. गाईचं कातडं, ठसा मारलेलं. तशी नक्कल जुनीच आहे, इराण-तुर्कस्तानात घोड्या-गाढवाच्या ओल्या कातड्यात बिया दाबून दाणे उठवायचे, पण तो कसब होता. पाकट सांगून गाय विकणं ही सरळ चोरी आहे.

पोरगा जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "असू दे दादा, हेच लावा. गेममध्ये कुणाला कळणारे, आणि एक पाकट वाचलं."

याला काय बोलायचं ते मला तेव्हाही सुचलं नाही, अजूनही नाही. पाकटं मुख्यतः मांसासाठी पकडतात हे खरं, पण शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत हेही खरं, वाढायला वेळ लागतो, पिल्लं थोडी. आणि तरी खरं कातडं हाताखाली आलं की माझं मन त्याच्याकडेच ओढतं, हे मी नाकारणार नाही.

मूठ बांधून दिली, बिलावर 'गाय, ठसा' असं स्पष्ट लिहिलं. जाताना म्हणाला पुढची तलवार स्वतःसाठी, तिला खरंच पाहिजे. म्हटलं आण, पण जात कुठली आणि पकडलं कुठे हे विकणाऱ्याकडून लिहून घे, त्याशिवाय मी कात्री उचलणार नाही.