आमची वाटचाल : एचके-40 चे ट्रे

बेळगावच्या उद्यमबागेत ग्रे आयर्न (बीड) ओतणारे पुष्कळ. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत सुटे भाग ठेवायचे, उष्णता सोसणाऱ्या एचके-40 पोलादाचे ट्रे ओतणारे मोजके. आम्ही त्या मोजक्यांत आहोत, याचा अभिमान आहे. चांगल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मग दुसऱ्या एका फाउंड्रीनं हेच ट्रे स्वस्तात द्यायला सुरुवात केली. स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांची तपासणी) आमच्यासारखाच: क्रोमियम 25, निकेल 20, कार्बन 0.4 टक्के. ऑर्डरी तिकडे वळल्या, आमची इंडक्शन भट्टी थंड पडली, पगार उसनवारीवर भागवावे लागले. याचा सल अजून आहे, कारण तो माल कमी तापमानाला ओतलेला, साच्यात जागोजागी चिल (लवकर गोठवणारे धातूचे तुकडे) लावलेला होता. त्यानं धातू लवकर गोठतो आणि दाणा (धातूतला स्फटिक) बारीक येतो. खोलीच्या तापमानाला बारीक दाणा मजबूत, पण 900 अंशांवर दाण्यांच्या सीमाच सरकतात. भाराला आडव्या असलेल्या सीमांवर पोकळ्या धरतात, जुळतात आणि चीर पडते. सीमा जास्त, तेवढा क्रीप (भाराखाली हळूहळू ताणलं जाणं) जास्त. त्यात रायझर (गोठताना कास्टिंगला धातू पुरवणारा साठा) कमी ठेवला की रिबांच्या (ट्रेच्या जाळीतल्या पट्ट्यांच्या) सांध्यात श्रिंकेज (आकुंचनानं पडणारी पोकळी). म्हणजे पोकळ्या ओततानाच तयार.

म्हणून फार सावकाश गोठवावं असंही नाही. डेंड्राइटच्या (झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) फांद्या रुंदावतात, कार्बाइड (कार्बन-क्रोमियमचं कठीण संयुग) जाड होतं, सूक्ष्म श्रिंकेजही वाढतं. आम्ही प्रत्येक लाडलमध्ये (ओतायच्या पात्रात) पायरोमीटर बुडवून, तापमान बघून मगच ओततो. आमच्या पॅटर्नवाल्या मामांनी रिबांचे अधिक-आकाराचे सांधे सरकवून टी-आकाराचे केले. सांध्यातला जाड गोळा गेला. रायझरला एक्झोथर्मिक स्लीव्ह (स्वतः उष्णता देणारं वेष्टण) असते, गोठणं रायझरच्या दिशेनं जातं. शिवाय प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) तुकडा पॉलिश आणि एच (आम्लानं कोरून) करून मायक्रोस्कोपखाली कार्बाइडची जाळी बघतो.

शिरोलीचे एक गिअरवाले अण्णा तेव्हाही आमच्याकडेच राहिले. त्यांनी दोन्हीकडचे ट्रे एकाच भट्टीत शेजारी लावले. वाकले ते स्वस्तातले. हळूहळू बाकीचेही परतले.

ट्रे कोणाकडूनही घ्या, स्पेक्ट्रोसोबत मायक्रोस्ट्रक्चरचा फोटो मागा, हीट नंबर कास्टिंगवर ओतलेला असू द्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ट्रेजवळ लावा, कारण थोड्या जादा तापमानानंही आयुष्य घटतं. लार्सन-मिलरच्या, म्हणजे तापमानावरून आयुष्य काढायच्या, हिशेबानं (स्थिरांक 20) तेवढ्याच भाराखाली 900 अंशांवर 10,000 तास टिकणारा भाग 925 वर जेमतेम 3,150 तास टिकतो. आणि वापरलेला वाकडा ट्रे थंडपणी हातोड्यानं सरळ करू नका: 650 ते 870 अंशांत दीर्घकाळ राहिला असेल तर सिग्मा फेजनं (धातूत तयार होणाऱ्या ठिसूळ घटकानं) ठिसूळ झालेला असू शकतो, पहिल्याच घावाला तडकू शकतो.