महेश्वरला ट्रोलिंग मोटर बंद पडली, त्याचा वृत्तांत

इंदूरहून नर्मदाकाठच्या महेश्वरला जायला दोन रस्ते. मानपूर-धामनोदचा हमरस्ता रुंद आणि सोपा. आम्ही मात्र महूवरून जाम गेट उतरून मंडलेश्वरमार्गे गेलो. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेलं निमाड बघण्यासारखंच आहे. फक्त उतारावर वळणं आहेत, तेव्हा डिकीतली तीस किलोची बॅटरी पट्ट्यानं घट्ट आवळा आणि टर्मिनलवर रबरी टोप्या घाला. सुटा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर गाडीतच आग लागेल.

बोट मावसभावाची, म्हणजे दादाची. हवेची बोट, मागे लाकडी फळी, फळीवर १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी आणि पाण्यातल्या पंख्यानं बोट ढकलणारी छोटी मोटर. पाउंडांत ऐकून मोठं वाटतं, पण तो जेमतेम २५ किलोचा रेटा आहे. साथीला १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी. स्वतःची बोट उतरवण्याआधी घाटावरच्या नाविकांना आणि नगर परिषदेच्या माणसांना विचारून घ्या. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, तिथून पाणी सुटलं की पातळी आणि ओढ दोन्ही वाढतात. कुठे जायचं नाही हे नाविकांइतकं कुणीच सांगू शकत नाही. सहस्रधारेच्या बाजूला तर बोट वळवूच नका, तिथे खडकच खडक आहेत.

पात्रातल्या बाणेश्वर मंदिराला वळसा घालून आम्ही पलीकडच्या नावडाटोलीला निघालो. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती शोधली ती हीच जागा. काठ जवळ आला तशी मोटर मंदावली, मग थांबली. थोड्या वेळानं स्विच फिरवला तर पुन्हा सुरू, आणि परत बंद. उरलेलं अंतर वल्ह्यांनी कापलं. वल्ही नसतील तर नर्मदेत उतरूच नका, लाइफ जॅकेटचंही तेच.

काठावर एक वयस्कर नाविक होते. लांबूनच म्हणाले, ‘‘भैया, पहले माला देखो.’’ बॅटरीची वायर सोडवून (पंख्याला हात लावण्याआधी ती सोडवायचीच) पंख्याचा नट काढला. मागच्या दांड्यावर झेंडूच्या हाराचा दोरा घट्ट वेटोळे घालून बसला होता, आणि त्यात पूजेच्या चुनरीचा जरीचा धागा अडकलेला. घाटाजवळच्या पाण्यात निर्माल्य असतंच, म्हणून महेश्वर-ओंकारेश्वरला पंखा रोज काढून बघायला हवा. दोरा तसाच राहिला तर सील कापतो, आत पाणी शिरतं आणि मोटर कायमची जाते. दोरा निघाल्यावर फुल स्पीडचा करंट ५२ वरून ४४ ॲम्पिअरवर आला. हे मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. दुकानात मिळणारे पुष्कळ स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, तेव्हा विचारून घ्या. साध्या मल्टिमीटरच्या १० ॲम्पिअरच्या खाचेतून हा करंट नेऊ नका.

तरी मोटर परत मंदावली. ब्रेकरचा (करंट फार वाढला की वाट तोडणाऱ्या स्विचचा) खटका पडलेला नव्हता, म्हणजे दोष ओव्हरलोडचा नव्हता. गरम झालं की तुटणारं आणि थंड झालं की जुळणारं एखादं कनेक्शन वाटेत होतं. दादानं बॅटरीवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट. मोटरच्या प्लगवर लावला, तिथेही १२.५. ‘‘वायर ठीक आहे रे,’’ तो म्हणाला. इथेच बहुतेक जण फसतात. करंट वाहत नसताना केसाएवढ्या धाग्यानं जोडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. माप घ्यायचं ते मोटर ओढत असताना.

बोट काठाला बांधली, मोटर फुलवर टाकली, पंख्याजवळ कुणाला उभं राहू दिलं नाही. बॅटरीवर ११.९, मोटरपाशी ९.८. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गळत होते. मग प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटरच्या दोन्ही सुया टेकवत गेलो. बॅटरीचा खांब आणि थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) यांच्यात ०.०५, वायरीत मिळून ०.३, ब्रेकरमध्ये ०.२५. आणि प्लगमध्ये दीड व्होल्ट! ४४ ॲम्पिअरला दीड व्होल्ट म्हणजे ६६ वॅट, साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या चिमुकल्या प्लगमध्ये. उघडून पाहिलं तर पितळी पिन काळीनिळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, वायरीच्या टोकाला हिरवा थर.

प्लग कापून टाकला. लाल लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे सोलली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले, नटबोल्टनं एकमेकांवर आवळले आणि टेप गुंडाळली. आता सगळ्या वाटेत मिळून ०.७ व्होल्टच जात होते. परतताना मोटर एकदाही अडखळली नाही.

थिंबल, पाने, पॉलिश पेपर, टेप, क्रिम्पिंगचा पक्कड हे सगळं इंदूरहूनच न्या. महारानी रोडला एका फेरीत मिळतं. वायर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याचीच घ्या. बॅटरी पुढे आणि मोटर मागे असेल तर जाऊन-येऊन आठेक मीटर वायर होते. ४४ ॲम्पिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे एक व्होल्ट जातो, १६ च्या वायरीत ०.४ च्याही खाली. ब्रेकर डीसीचाच, ६० ॲम्पिअरचा. घरातला एसीचा एमसीबी चालणार नाही, कारण डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. जोडाला साधा नट न वापरता नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला धातूचा नट) वापरा, हादऱ्यानं सैल होत नाही. काम करताना अंगठी-कडं काढून ठेवा.

पाच स्पीडच्या मोटरचा फक्त पाचवा स्पीड चालत असेल तर वायरिंग उसवत बसू नका, बहुधा आतली स्पीड कॉइल जळलेली असते. तेवढ्यावर काठ गाठता येतो.

आणि १०० ॲम्पिअर-अवरवर विसंबून लांब जाऊ नका. तो आकडा वीस तास हळूहळू वापरण्याचा आहे. फुल स्पीडला लेड-ॲसिड बॅटरी दोन तास पुरत नाही, तासाभराचाच हिशेब धरा. अर्ध्या रस्त्याच्या आधीच वळा. विसावा घेतल्यावर बॅटरी १२.२ दाखवत असेल तर ती निम्मी झालीय. १० ॲम्पिअरच्या चार्जरला पूर्ण भरायला रात्र लागते, म्हणून लॉजमध्ये खोली घेतानाच हवेशीर जागी चार्जिंगची सोय आहे का ते विचारा. बंद खोलीत चार्ज करू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.