शिक्षा संस्थेला, मग शिष्यवृत्तीची जागा कोणाची जाते?

पोहणे, टेनिस किंवा स्क्वॉश यांच्या जोरावर अमेरिकेतील विद्यापीठांची शिष्यवृत्ती मिळवू पाहणारी मुले आमच्या ठाण्यात आता नवलाईची राहिलेली नाहीत. पाचपाखाडीतील आमच्या शेजारच्या घरातील मुलीला अलीकडेच पोहण्यासाठी असा एक प्रस्ताव आला आणि त्याची कागदपत्रे तिच्या वडिलांनी माझ्याकडे वाचायला दिली. शुल्क, वसतिगृह, विमा यांविषयी बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "दादा, उद्या त्या कॉलेजच्या संघावरच कारवाई झाली, तर आमच्या मुलीचं काय?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे जे उत्तर नियमांनी आजवर दिले आहे ते अर्धेच न्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयातील सर्वांत ठळक उदाहरण पेन स्टेट विद्यापीठाचे आहे. तेथील अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की हा लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत जून २०१२ मध्ये दोषी ठरला. त्यानंतर महिनाभरातच, २३ जुलै रोजी, महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड केला, संघाला चार वर्षे मोसमोत्तर, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या मानाच्या, सामन्यांतून बाद केले, दरवर्षी देता येणाऱ्या नव्या शिष्यवृत्त्या २५ वरून १५ वर आणल्या आणि संघातील शिष्यवृत्तीधारकांची एकूण मर्यादा ८५ वरून ६५ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले. त्या मुलांवर झालेल्या अत्याचारापुढे खेळाचा विचार दुय्यमच आहे, आणि दंडाची रक्कम बालशोषण रोखण्याच्या कामासाठी राखून ठेवली गेली हे योग्यच झाले. परंतु मैदानावर ही शिक्षा ज्यांनी भोगायची होती ते खेळाडू, १९९८ साली या माणसाविरुद्धची पहिली तक्रार विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेली तेव्हा, फार तर प्राथमिक शाळेत होते.

हे एनसीएएच्याही लक्षात आले होते. एरवी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे. पेन स्टेटच्या खेळाडूंना मात्र कोठेही जाऊन लगेच खेळण्याची मुभा देण्यात आली. ज्यांना तेथेच राहून शिकायचे होते, त्यांची शिष्यवृत्ती, ते संघातून खेळोत वा न खेळोत, कायम राहील असेही ठरले. या दोन्ही तरतुदी मला मनापासून पटतात. शिक्षा झालेल्या संस्थेत एखाद्याला अडकवून ठेवणे जितके अन्यायाचे, तितकेच त्याला तेथून हुसकावून लावणेही अन्यायाचे आहे. त्या वर्षी अनेक जण राहिले, ज्येष्ठ खेळाडूंनी तसे जाहीरपणे सांगितले, आणि संघाने आठ सामने जिंकून चार गमावले.

अडचण येते ती जाणाऱ्याला सामावून घेणाऱ्या विद्यापीठाच्या हिशेबात. तेथेही शिष्यवृत्त्यांची मर्यादा तेव्हा ८५ चीच होती आणि जुलैअखेरीस त्या जागा बहुधा भरलेल्या असत. यावर एनसीएएने काढलेला तोडगा असा होता की, पेन स्टेटचा एक खेळाडू घेणाऱ्या संघाने त्या वर्षी ८६ शिष्यवृत्त्या द्याव्यात, मात्र पुढच्या वर्षी ८४ वर थांबावे. वरवर पाहता हा समंजस उपाय वाटतो. परंतु पुढच्या वर्षी कमी झालेली ती एक जागा कोणाची, हे कोणी विचारले नाही. ती बारावीत शिकणाऱ्या अशा एखाद्या मुलाची होती ज्याला मे महिन्यापर्यंत आशा दाखवली गेली असेल, किंवा दोन-तीन वर्षे स्वखर्चाने सराव करून, संघात राहून, कधीतरी शिष्यवृत्ती मिळेल म्हणून वाट पाहणाऱ्या खेळाडूची होती. अमेरिकेत अशांना वॉक-ऑन म्हणतात. पेन स्टेटमध्ये जे घडले त्याच्याशी या मुलांचा दुरान्वयानेही संबंध नव्हता, आणि तरीही एका निरपराध खेळाडूला दिलासा देण्याची किंमत दुसऱ्या निरपराध मुलाने भरली. पहिल्याचे नाव वर्तमानपत्रांत छापून आले. दुसऱ्याला तर आपली जागा कशामुळे गेली हे कळलेही नसेल.

आता त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. पेन स्टेटची मर्यादा ८५ वरून ६५ करण्याचे ठरले (पुढे ही शिक्षा सौम्य करण्यात आली), याचा अर्थ वीस शिष्यवृत्त्या त्या काळापुरत्या व्यवस्थेतूनच नाहीशा होणार होत्या. त्या विद्यापीठाकडून काढून घ्यायच्या हे ठीक आहे. पण त्या दुसऱ्या कोणालाही मिळणार नव्हत्या. एकीकडे वीस जागा रद्द करायच्या आणि दुसरीकडे तेथून निघालेल्या मुलांसाठी इतर संघांच्या पुढच्या वर्षीच्या जागा कापायच्या, हे मला कोणत्याही तत्त्वात बसवता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, शिक्षा झालेल्या संस्थेतून जो विद्यार्थी बाहेर पडतो त्याच्याबरोबर त्याची जागाही गेली पाहिजे. मूळ संस्थेच्या मर्यादेतून एक वजा व्हावी आणि नव्या संस्थेच्या मर्यादेत, त्या विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत, ती मोजलीच जाऊ नये.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. जागा मोजली गेली नाही, तर बलाढ्य संघ शिक्षा झालेल्या संघातील उत्तमोत्तम खेळाडू वेचून नेतील, असे म्हणतात. पेन स्टेटवरील कारवाईनंतर इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक तेथील खेळाडूंच्या मागे लागलेच होते. चेंडू घेऊन धावणारा संघाचा प्रमुख खेळाडू सायलस रेड हा त्याच महिन्याच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला, आणि ते विद्यापीठ स्वतःच २०१० च्या कारवाईमुळे ७५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेत खेळत होते. म्हणजे मर्यादा मोजूनही वेचणे थांबले नाही. ज्यांना हवे होते त्यांनी जागा काढली आणि भार खालच्या फळीतील मुलांवर टाकला. उलट, एका संघाने असे दोन किंवा तीनच खेळाडू मर्यादेबाहेर घ्यावेत असे बंधन घातले, तर लूटही होणार नाही आणि वॉक-ऑन खेळाडूही भरडला जाणार नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या त्याच प्रकरणात आणखी एक विषमता दिसते. तेथील दोन वर्षांच्या मोसमोत्तर बंदीनंतर लगेच खेळण्याच्या सवलतीसह बाहेर पडता आले ते केवळ तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना, कारण त्यांची उरलेली खेळण्याची मुदत बंदीतच संपणार होती. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती सवलत मिळाली नाही. पेन स्टेटमध्ये ती सर्वांना मिळाली. शिक्षा कोणत्या संस्थेला झाली यावर विद्यार्थ्याचे हक्क ठरत असतील, तर त्यांना हक्क म्हणता येत नाही.

दरम्यान बरेच बदलले आहे. २०२१ पासून खेळाडूंना एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासातील अटी पूर्ण करणाऱ्यांना कितीही वेळा, बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते. २०२२ च्या आपल्या नव्या संविधानात एनसीएएने हेही मान्य केले की, ज्यांचा दोष नाही अशा खेळाडूंना शक्यतो शिक्षेची झळ लागू नये. त्यानंतर २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला, मोसमोत्तर बंदी मात्र घातली गेली नाही. तरीसुद्धा पाच वर्षांत २८ शिष्यवृत्त्या कमी करण्याची शिक्षा त्या निकालात होतीच. शिष्यवृत्ती कापणे ही संस्थेला शिक्षा वाटते, कारण कागदावर ती संस्थेच्या नावाने लिहिलेली असते; प्रत्यक्षात ते शुल्क भरावे लागते एखाद्या घराला.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो २०२५ मध्ये. खेळाडूंना उत्पन्नातील वाटा देण्याविषयीच्या मोठ्या न्यायालयीन तडजोडीत, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघातील एकूण खेळाडूंची मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. या मर्यादेमुळे अनेक खेळाडूंना आधीच संघाबाहेर काढले गेले होते. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्यांची सोय झाल्याखेरीज तडजोडीला मान्यता देण्यास नकार दिला. अखेर असे ठरले की, या खेळाडूंना, ते जुन्या विद्यापीठात राहोत वा नव्या ठिकाणी जावोत, खेळण्याची मुदत संपेपर्यंत मर्यादेत मोजायचे नाही. मी जे मागतो आहे ते नेमके हेच आहे. नियम बदलल्याने बाहेर फेकल्या गेलेल्या मुलाला जे मिळू शकते, ते संस्थेच्या गुन्ह्यामुळे बाहेर पडणाऱ्या मुलाला न देण्याचे कारण मला दिसत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे असे मानण्याचेही कारण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, तेव्हा गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता आणि त्या मुलींना एकही सामना न खेळता परतावे लागले. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होणारे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामनेही टांगणीला लागले होते. २६ ऑगस्टला निलंबन उठले म्हणून ३० ऑक्टोबरचा अंतिम सामना नवी मुंबईने पाहिला. याउलट २०२३ मध्ये कुस्ती महासंघ निलंबित झाला, तेव्हा जागतिक संघटनेने आपल्या मल्लांना तटस्थ ध्वजाखाली खेळू दिले आणि कुस्तीपटू अंतिम पंघालने बेलग्रेडमध्ये कांस्यपदक मिळवले. खेळाडूला संस्थेपासून वेगळे काढणे शक्य असते, ही गोष्ट या दुसऱ्या उदाहरणाने सिद्ध होते.

शेजाऱ्यांच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला विद्यापीठ बदलायचे, तर नव्या विद्यापीठाकडून नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) घ्यावा लागतो आणि त्यासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते. शिष्यवृत्तीविना मिळालेली बदलीची मुभा अमेरिकी मुलाला कर्ज काढून कदाचित वापरता येईल. ठाण्यातील मध्यमवर्गीय घराला ती बहुधा वापरता येणार नाही. म्हणून मी तिच्या वडिलांना विद्यापीठाकडे दोन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या आहेत: संघावर कारवाई झाली, किंवा पोहण्याचा संघच बंद झाला, तरी पदवी पूर्ण होईपर्यंत शिष्यवृत्ती चालू राहील का, आणि तिने विद्यापीठ बदलायचे ठरवले, तर तोपर्यंतचे तिचे कोणते श्रेयांक दुसरीकडे नेता येतील. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, तर रक्कम थोडी कमी असली तरी लेखी हमी देणारा दुसरा प्रस्ताव शोधावा, असेही मी त्यांना सांगितले आहे.